जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा : औषधी बलून घ्यावा की दुसरा स्टेंट?

कलमबाग (देवगड) :

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांविषयी विचारायचे आहे. त्यांचे वय ६९ असून आमची हापूसची बाग आहे, आणि कातळावरच्या कलमांपर्यंतची चढण ते आजवर स्वतः चढत आले आहेत. २०१९ मध्ये त्यांच्या हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत, म्हणजे डॉक्टर जिला एलएडी म्हणतात तीत, औषधयुक्त स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी औषध चढवलेली जाळी, बसवला होता. त्यानंतर काही तक्रार नव्हती. यंदा मोहरावरच्या फवारणीच्या दिवसांत मात्र चढण अर्धी झाली की छातीवर दडपण येऊ लागले. थांबले की काही मिनिटांत ते ओसरते. कोल्हापूरला अँजिओग्राफी केली तेव्हा जुन्या स्टेंटच्या आतच सुमारे ८० टक्के अडथळा आढळला. त्याशिवाय त्याच रक्तवाहिनीतून निघणाऱ्या डायगोनल नावाच्या फांदीत सुमारे ७५ टक्के अडथळा आहे. ही फांदी जेमतेम सव्वादोन मिलिमीटर रुंदीची आहे. बाकीच्या रक्तवाहिन्या ठीक आहेत आणि पंपिंग ५५ टक्के आहे.

कोल्हापूरच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की दोन्ही ठिकाणी नवा स्टेंट न बसवता औषधाचा लेप असलेला बलून वापरावा. माझा मावसभाऊ मुंबईत फिजिशियन आहे आणि त्याचे मत नेमके उलट आहे. त्याच्या मते बलून फुगवून काढून घेणे हा जुन्या काळचा उपचार झाला, त्याने रक्तवाहिनी पुन्हा आकसते, तेव्हा काकांना एक चांगला स्टेंट बसवून मोकळे करावे. वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. शिवाय प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा सल्लाही मिळालेला आहे, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती काळ घ्याव्या लागतील याची आम्हाला काळजी वाटते.

बलून काढून घेतल्यावर त्यावरचे औषध रक्ताबरोबर वाहून जात नाही काय? दोन्ही अडथळ्यांना एकच उपाय लागू पडतो काय? आणि या बलूनच्या खर्चाचे स्वरूप कसे असते? अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा :

नमस्कार. मी मूळचा मालवणचा; सध्या घाटावरच्या एका रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. वडिलांची अँजिओग्राफीची सीडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे लिखाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यापुरतेच घ्यावे.

आधी मावसभावाच्या आक्षेपाविषयी लिहितो, कारण तो निराधार नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा बलून फुगवला, तेव्हा बलून हाच संपूर्ण उपचार होता. त्याच्या मर्यादा लवकरच दिसून आल्या. ताणलेली भिंत काही वेळाने स्वतःच आखडत असे. फुगवताना आतल्या थराला चीर जाऊन तो थर रक्तप्रवाहात लोंबकळत असे आणि क्वचित वाहिनी टेबलावरच बंद पडत असे. आणि या दोन्हींतून सुटलेल्या रुग्णांतही जखम भरून येताना स्नायुपेशींची बेसुमार वाढ होऊन साधारण तिघांपैकी एकाला पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा अडथळा येत असे. १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, मानवी हृदयधमनीत बसवला गेला आणि पहिल्या दोन अडचणी जवळजवळ मिटल्या. तिसरी मात्र उरली, कारण जाळी भिंतीला आधार देते, पेशींची वाढ थांबवत नाही. ती थांबवण्यासाठी जाळीवर औषध चढवलेले स्टेंट या शतकाच्या आरंभी आले आणि पुन्हा अडथळा येण्याचे प्रमाण बरेच खाली आले. मावसभाऊ ज्याला जुन्या काळचा उपचार म्हणतो तो साधा बलून होय, आणि त्याच्याबद्दलचे त्याचे मत बरोबर आहे.

औषधी बलूनमागचा विचार वेगळा आहे. पेशींची वाढ रोखायची ती जखमेनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत. मग त्यासाठी धातू जन्मभर आत ठेवण्याची गरज आहे काय, हा प्रश्न जर्मनीतील ब्रुनो शेलर आणि उलरिश श्पेक यांनी हाती घेतला. त्यांनी बलूनच्या पृष्ठभागावर पॅक्लिटॅक्सेल हे औषध अँजिओग्राफीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या आयोप्रोमाइड या द्रव्यात मिसळून चढवले. आपण बागायतदार आहात, तेव्हा फवारणीचे औषध पानाला चिकटून राहावे म्हणून पाण्यात स्टिकर मिसळतात हे आपल्याला सांगायला नको. आयोप्रोमाइडचे काम काहीसे तसेच आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मुरते. वाहक द्रव्याच्या साहाय्याने ते बलून भिंतीला टेकलेला असतानाच्या अर्ध्या ते एका मिनिटात भिंतीत उतरते आणि पुढे काही आठवडे तेथेच राहून काम करते. आपली शंका रास्त आहे, कारण औषधाचा मोठा भाग रक्तात वाहून जातोच. परंतु जेवढे भिंतीत मुरते तेवढे पुरते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चाचणीत दिसले. ती चाचणी अवघ्या ५२ रुग्णांची होती आणि सर्वांच्या जुन्या स्टेंटमध्येच अडथळा आलेला होता. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा साध्या बलूनच्या गटात ४३ टक्के रुग्णांत अडथळा परत आलेला होता, तर औषधी बलूनच्या गटात ५ टक्के.

आता आपल्या वडिलांकडे येऊ. माझ्या मते येथे प्रश्न एक नसून दोन आहेत, आणि घरात जो मतभेद झाला आहे तो हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधल्यामुळे झाला आहे.

बारीक फांदीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. सव्वादोन मिलिमीटरच्या वाहिनीत स्टेंट बसवला की जाळीची जाडी आणि तिच्यावर चढणारा नैसर्गिक थर मिळून मोकळी जागा लक्षणीय कमी होते. मधुमेही रुग्णात तर अधिकच. बास्केट-स्मॉल २ नावाच्या चाचणीत, जी २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, तीन मिलिमीटरपेक्षा लहान वाहिन्यांतील नव्या अडथळ्यांसाठी ७५८ रुग्णांत औषधी बलून आणि औषधयुक्त स्टेंट यांची तुलना झाली. एका वर्षात हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा त्याच वाहिनीवर पुन्हा उपचार, यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण ७.५ विरुद्ध ७.३ टक्के होते, आणि तीन वर्षांनी दोन्हीकडे १५ टक्के. म्हणजे लहान वाहिनीत बलून स्टेंटच्या बरोबरीने उभा राहिला आणि आत धातूही उरला नाही. डायगोनलसाठी कोल्हापूरच्या डॉक्टरांचा सल्ला मला सर्वस्वी पटतो.

याच निष्कर्षाचा आधार घेऊन सर्वच वाहिन्यांत बलून वापरण्याचा उत्साह अलीकडे दिसतो, त्याला मात्र २०२४ मध्ये चीनमधील चाचणीने लगाम घातला. २,२७२ रुग्णांच्या त्या चाचणीत वाहिनीच्या रुंदीची अट न ठेवता गुंतागुंत नसलेल्या नव्या अडथळ्यांवर दोन्ही उपचारांची तुलना झाली, आणि दोन वर्षांत अनिष्ट घटनांचे प्रमाण बलूनच्या गटात ६.४ तर स्टेंटच्या गटात ३.४ टक्के निघाले. हा फरक मुख्यतः मोठ्या वाहिन्यांतून आलेला होता.

खरा कस लागतो तो जुन्या स्टेंटमधील अडथळ्यावर. येथे २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी औषधी बलून आणि नवा औषधयुक्त स्टेंट या दोन्हींना सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली होती. पुढे दहा चाचण्यांतील सुमारे दोन हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हा तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाण बलूननंतर १६ आणि स्टेंटनंतर १२ टक्के आढळले. मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत बलून मागे नव्हता. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की जुना स्टेंट बिनऔषधाचा असेल तर दोन्ही उपचार सारखेच ठरले, पण तो औषधयुक्त असेल तर नवा स्टेंट वरचढ ठरला. आपल्या वडिलांचा स्टेंट औषधयुक्त आहे. २०२४ च्या युरोपीय सूचनांचा कलही अशा प्रसंगी नव्या औषधयुक्त स्टेंटकडेच आहे. तेव्हा या एका जागेपुरते मावसभावाचे म्हणणे डावलून चालणार नाही.

अमेरिकेत हृदयाच्या वाहिन्यांसाठी औषधी बलूनला जी पहिली मान्यता मार्च २०२४ मध्ये मिळाली तीही याच कारणासाठी, जुन्या स्टेंटमधील अडथळ्यासाठी होती, हे कोणी आपल्याला सांगेल. ते खरे आहे. त्यामागच्या ६०० रुग्णांच्या चाचणीत एका वर्षात उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण २८.६ वरून १७.९ टक्क्यांवर आले. पण तेथे तुलना साध्या बलूनशी होती, नव्या स्टेंटशी नव्हे, आणि औषधी बलून वापरूनही वर्षभरात सहापैकी एकाला अपयश आले, हेही त्याच आकड्यांत आहे.

मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बलून का सुचवला असावा? त्याला चांगली कारणे असू शकतात. डायगोनल जेथून फुटते त्याच जागेवर जुना स्टेंट असेल तर नव्या जाळीमुळे फांदीच्या तोंडावर धातूचे दोन थर येतात आणि तिच्यात पुढे शिरणे कठीण होते. दुसरे असे की आज दुसरा थर घातला आणि काही वर्षांनी तेथेही अडथळा आला, तर तिसऱ्या थराला जागा उरत नाही. म्हणून मी आपल्या जागी असतो तर "बलून की स्टेंट" हे विचारण्याआधी "जुना स्टेंट कशामुळे बुजला" हे विचारले असते. स्टेंट मुळातच पुरेसा उघडला नसेल, त्याच्या मागे कॅल्शियमचा कडक थर असेल, तर त्यावर कोणतेही औषध चोळून उपयोग होत नाही. आधी उच्च दाबाच्या बलूनने किंवा ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडून तो उघडावा लागतो. स्टेंट नीट उघडलेला असून आत केवळ पेशींची वाढ झाली असेल तर औषधी बलून चांगले काम करतो. स्टेंटच्या आत नव्याने चरबीचा थर बसला असेल तर चित्र पुन्हा वेगळे. हे साध्या अँजिओग्राफीत दिसत नाही. त्यासाठी ओसीटी किंवा आयव्हस, म्हणजे वाहिनीच्या आतून प्रकाशाने किंवा ध्वनीने घेतलेले चित्र लागते. ही तपासणी त्याच टेबलावर होते. खर्च वाढतो, पण आपल्या प्रसंगात ती न करता निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही.

कॅथलॅबकर (रत्नागिरी) :

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते त्या विभागात, तंत्रज्ञ आहे. डॉक्टरांनी निर्णयाची बाजू मांडलीच आहे, म्हणून मी प्रत्यक्ष टेबलावर काय होते तेवढेच सांगतो, कारण औषधी बलूनचे यश त्याच्या पेटीवरच्या नावापेक्षा त्याच्याआधीच्या तयारीवर जास्त अवलंबून असते असे माझे ठाम मत आहे.

आधी साध्या बलूनने अडथळा व्यवस्थित उघडला जातो. जुन्या स्टेंटमध्ये बहुधा बारीक पाती किंवा तारा असलेला बलून वापरतात, म्हणजे आत वाढलेल्या थराला हिशेबाने चिरा पडतात आणि बलून घसरत नाही. त्यानंतर उरलेला अडथळा ३० टक्क्यांच्या आत आहे, रक्ताचा प्रवाह पूर्ण वेगाने चालला आहे आणि भिंतीला गेलेली चीर प्रवाहाला अडवत नाही, या गोष्टींची खात्री झाली तरच औषधी बलूनची पेटी उघडायची. यांपैकी काही बिघडले तर तेथे स्टेंटच बसवावा लागतो. म्हणून संमतिपत्रावर सही करताना "बलूनने आरंभ करू, गरज पडल्यास स्टेंट बसवू" हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि घरच्यांनीही ते मनात धरून ठेवावे. नाहीतर बाहेर येऊन स्टेंट बसवल्याचे सांगितले की नातेवाइकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. लहानमोठ्या चिरा दिसतातच आणि त्या बहुतेक आपोआप भरून येतात, त्यामुळे अहवालात डिसेक्शन हा शब्द वाचून घाबरू नये.

औषधी बलून हाताने चोळायचा नसतो, आधी भिजवून ठेवायचा नसतो. नळीत शिरल्यापासून ठिकाणावर पोहोचेपर्यंत औषध सुटतच असते, म्हणून तो साधारण दोन मिनिटांच्या आत पोहोचवून फुगवतात. आधीच्या बलूनने जेवढी जागा उघडली तिच्या दोन्ही टोकांपलीकडे दोन-तीन मिलिमीटर तरी तो गेला पाहिजे. उघडलेल्या जागेचा एखादा तुकडा औषधाविना राहिला तर नेमका तेथेच अडथळा परत येतो. फुगवलेल्या अर्ध्या ते एका मिनिटात तेथील रक्त थांबलेले असते, त्यामुळे छातीत दुखू शकते. रुग्णाला हे आधी सांगितले तर तो शांत राहतो. एकदा फुगवला की त्यावरचे औषध संपले. तोच बलून दुसऱ्या अडथळ्यावर चालत नाही, म्हणून आपल्या वडिलांच्या दोन जागांसाठी दोन बलून लागतील, आणि बिलात दोन दिसले तर त्यात वावगे काही नाही.

अगरातला (गुहागर) :

माझ्या थोरल्या भावाची अशीच प्रक्रिया झाली आहे, म्हणून खर्चापुरते लिहितो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या, तेव्हा औषधयुक्त स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आसपास बांधली गेली होती. ती मर्यादा स्टेंटसाठी आहे. बलूनची किंमत त्यात धरलेली नसल्यामुळे औषधी बलून स्टेंटपेक्षा महाग पडू शकतो, आणि "जाळी नाही म्हणजे स्वस्त" असा आमच्या घरी जो समज होता तो टिकला नाही. आपण रुग्णालयाकडून बलूनचे नाव, कंपनी, संख्या आणि प्रत्येकी किंमत असा लेखी अंदाज आधीच मागून घ्यावा, आणि नंतर बिलासोबत पेटीवरचे बॅच क्रमांकाचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण तेथे प्रत्येक उपचाराचे ठरावीक पॅकेज असते. आपल्या प्रसंगात बलून पॅकेजमध्ये बसतो की वरची रक्कम भरावी लागते, हे भरती होण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्यावे.

औषधपेढी (कुडाळ) :

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या एकत्र किती काळ घ्यायच्या हे तीन गोष्टींवर ठरते : अटॅक येऊन गेला आहे की केवळ चालताना दुखते, बलून वापरला की स्टेंट, आणि रक्तस्रावाचा धोका किती आहे. स्थिर रुग्णाच्या नव्या अडथळ्यावर फक्त औषधी बलून वापरला असेल तर दोन गोळ्यांचा एक महिना सहसा पुरेसा मानतात. जुन्या स्टेंटच्या आत वापरला असेल तर बहुतेक डॉक्टर तीन ते सहा महिने देतात. नव्या औषधयुक्त स्टेंटनंतर स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने सांगतात, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर तोही अवधी एक ते तीन महिन्यांवर आणता येतो. अटॅकनंतर मात्र बलून असो वा स्टेंट, बहुधा एक वर्ष. त्यामुळे केवळ प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी मुख्य वाहिनीत बलून घ्यावा, एवढे ते कारण मला भक्कम वाटत नाही. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलता येते आणि तोवर प्रोस्टेटच्या गोळ्यांवर भागते. यूरोलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलायला लावा. शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी घरच्या घरी गोळी बंद करणे हा प्रकार आमच्या दुकानात आम्ही फार पाहतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

आणखी काही बाबी. क्लोपिडोग्रेल चालू असताना पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल टाळावे, कारण त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. पँटोप्राझोल त्या मानाने निर्धोक आहे. बागेत गुडघे दुखले की डायक्लोफेनॅकची गोळी घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती पूर्ण बंद करावी. तिच्यामुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. मधुमेह आहे, तेव्हा अँजिओप्लास्टीपूर्वी मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचे काय करायचे ते विचारावे. पावसाळ्यात करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड आली की औषधांची गाडी वेळेवर येईलच असे नाही, म्हणून जूनच्या आधी महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या असू द्याव्यात.

कलमबाग (देवगड) :

सर्वांचे मनापासून आभार. मावसभावाला हे सर्व वाचायला दिले. डायगोनलच्या बाबतीत तो आता बलूनला राजी आहे. मुख्य वाहिनीविषयी ओसीटी पाहूनच ठरवावे असे त्याचेही मत झाले आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की डायगोनल खरोखरच जुन्या स्टेंटच्या मधोमध फुटते आणि त्यामुळेच त्यांना नवी जाळी नको होती. ओसीटी करण्यास त्यांची हरकत नाही.

एक शंका उरली आहे. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध असल्याचे आईच्या वाचनात आले आणि तिने त्याची धास्ती घेतली आहे. सुरतेच्या कंपनीचा सिरोलिमस औषधाचा बलूनही मिळतो असे कळले. तो अधिक सुरक्षित आहे काय?

घाटमाथा :

आईंची भीती स्वाभाविक आहे, पण मात्रा पाहिली तर ती कमी व्हावी. या बलूनवर बहुधा दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३ मायक्रोग्रॅम औषध असते. तीन मिलिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर लांब बलूनचा हिशेब केला तर सारे मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्या किंचित वर जाते. कर्करोगाच्या उपचारात मध्यम बांध्याच्या माणसाला हेच औषध एका वेळी तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास शिरेतून दिले जाते. पॅक्लिटॅक्सेलविषयी जी खळबळ उडाली ती पायांच्या रक्तवाहिन्यांमधील बलून आणि स्टेंटबाबत होती. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांत काही वर्षांनी मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावधगिरीची सूचना काढली. अधिक माहिती जमा झाल्यावर जुलै २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने तसा वाढीव धोका दिसत नसल्याचे जाहीर केले. हृदयाच्या वाहिन्यांबाबत तसा संकेत मुळातच मिळालेला नव्हता.

सिरोलिमसचा इतिहास मोठा रंजक आहे. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून ते मिळाले, आणि ते वेगळे काढून त्याचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे फाळणीपूर्व भारतात जन्मलेले. आजचे बहुतेक औषधयुक्त स्टेंट याच औषधाच्या कुळातील औषधांवर चालतात, म्हणून बलूनवरही तेच असावे असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी की सिरोलिमस भिंतीत पॅक्लिटॅक्सेलइतके चटकन मुरत नाही आणि मुरले तरी लवकर निघून जाते. म्हणून ते अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून द्यावे लागते. सुरतेच्या कॉन्सेप्ट मेडिकलचा बलून याच पद्धतीचा आहे. लहान वाहिन्यांतील एका छोट्या चाचणीत त्याची पॅक्लिटॅक्सेल बलूनशी थेट तुलना झाली, तेव्हा सहा महिन्यांनी टिकून राहिलेली मोकळी जागा सिरोलिमसच्या गटात कमी भरली. रुग्णांच्या त्रासात मात्र मोठा फरक दिसला नाही. एका बलूनचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण औषध, वाहक द्रव्य आणि लेपाची पद्धत प्रत्येकाची निराळी असते. आपल्या वडिलांसाठी मी आज तरी ज्याच्यावर अधिक चाचण्या झाल्या आहेत असा पॅक्लिटॅक्सेलचा बलून निवडला असता; पण डॉक्टरांचा हात ज्यावर बसलेला आहे तो वापरण्यालाही माझा विरोध नाही.

ओसीटीत जुना स्टेंट पूर्ण उघडलेला दिसला आणि आत केवळ पेशींची वाढ असली, तर डायगोनल मधोमध फुटत असल्याने दोन्हीकडे बलून हा निर्णय मीही घेतला असता. स्टेंटच्या आत चरबीचे थर किंवा मोडलेली जाळी दिसली, तर मुख्य वाहिनीत नवा स्टेंट आणि फांदीत बलून, असे मिश्र उत्तर अधिक योग्य ठरेल. हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे वडील टेबलावर असताना बाहेर घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही.

परतीच्या प्रवासाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. मनगटातून प्रक्रिया झाली आणि काही बिघाड झाला नाही तर बहुधा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, परंतु गगनबावड्याचा घाट उतरून देवगडला जायचे असल्याने एक मुक्काम कोल्हापुरातच केलेला बरा. घरी आल्यावर बसलेले असतानाही छातीत दुखू लागले आणि ते काही मिनिटांत थांबले नाही, तर पुन्हा कोल्हापूरची वाट धरू नये. १०८ ला फोन करून जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी आणि गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळते तेथे आधी जावे, आणि प्रक्रियेचा अहवाल व सीडीची एक प्रत सोबत न्यावी, कारण आत नवी जाळी आहे की फक्त जुनी, हे तेथील डॉक्टरांना त्याच कागदावरून कळणार आहे.